निर्यातीच्या आकड्यात देश मावत नाही

एक दावा सध्या हातोहात फिरतोय. त्याचा आशय असा: जीडीपीचे आकडे सरकारं हवे तसे वळवतात, मानव विकास निर्देशांक बाहेरच्या संस्था काढतात, तेव्हा दोन्ही बाजूला ठेवा. देश किती पुढे गेला हे पाहायला एकच आकडा पुरे, तो म्हणजे निर्यात. परका माणूस स्वतःच्या खिशातून पैसे काढून तुमचा माल घेतो, याहून मोठी पावती कोणती? पुढे पुरावे जोडलेले असतात. दहा कोटींचा व्हिएतनाम मालाच्या निर्यातीत एकशे पंचेचाळीस कोटींच्या भारताच्या जवळ आला. गुजरातची निर्यात महाराष्ट्राच्या दुप्पट, म्हणजे महाराष्ट्र मागे पडला. कोरिया निर्यातीवरच मोठा झाला. आणि हार्वर्डमध्येसुद्धा निर्यातीवरूनच देशांची क्रमवारी लावतात.

यातले बरेच आकडे बरोबर आहेत, म्हणूनच उत्तर सविस्तर द्यायला हवं. आकडे खरे आणि निष्कर्ष चुकीचा असला की नुकसान जास्त होतं, कारण अशाच निष्कर्षांवर जमिनी, वीजदर आणि करसवलती वाटल्या जातात. एकेक मुद्दा घेऊ.

‘परक्याने दिलेला पैसा म्हणजे आपली कमाई’

बाजार समितीतल्या अडत्याच्या गाळ्यावरून वर्षाला कोट्यवधींचा माल जातो. ते कोटी त्याचे नसतात, त्याची असते ती अडत. निर्यातीचा आकडा हा गाळ्यावरून गेलेल्या मालाचा आकडा आहे.

कस्टम्सच्या दप्तरात निर्यातीची जी किंमत चढते ती एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची पूर्ण किंमत. त्या किमतीत आयात केलेला कच्चा माल, बाहेरून आणलेले सुटे भाग, परदेशी कंपनीला द्यायची रॉयल्टी, सगळं आलं. त्यातलं देशात किती तयार झालं, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

सरकारला हे पक्कं ठाऊक आहे. आपल्याकडे निर्यातदार अ‍ॅडव्हान्स ऑथोरायझेशन नावाचा परवाना काढून कच्चा माल शुल्काशिवाय आयात करू शकतो. त्याला अट असते ती किमान मूल्यवर्धनाची, आणि ती सर्वसाधारणपणे १५ टक्के आहे. हिशेब सोपा आहे: निर्यातीच्या एफओबी किमतीतून आयातीची सीआयएफ, म्हणजे भाडं-विमा धरून होणारी किंमत वजा करायची, उरलेल्याला आयातीच्या किमतीने भागायचं आणि शंभरने गुणायचं. १०० रुपयांचा माल आणला तर ११५ रुपयांचा पाठवला की अट पूर्ण. आता पाहा, निर्यातीच्या तक्त्यात ११५ जातात, देशात भर पडते १५ ची. त्या १५ मध्ये मजुरी, वीज, वाहतूक, व्याज आणि नफा सगळं बसवायचं, आणि कारखान्याचा मालक परदेशी असेल तर नफा पुन्हा बाहेर जातो. सोन्याच्या साध्या दागिन्यांना तर मूल्यवर्धनाची अट याहून बरीच कमी आहे. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कारखान्यालाही सरकार पाच वर्षांच्या हिशेबात निव्वळ परकीय चलन कमाई शून्याहून जास्त दाखवायला सांगतं, ढोबळ निर्यातीवर समाधान मानत नाही. कारखान्याला जो प्रश्न विचारतो तोच देशाला विचारायचा, एवढंच म्हणणं आहे.

या विषयातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण आयफोनचं. २००९ च्या आसपासच्या आयफोन ३जी चा उत्पादनखर्च सुमारे १७९ डॉलर होता. त्यात जपान, कोरिया, जर्मनी, अमेरिका इथले सुटे भाग होते. चीनमध्ये झाली ती जुळणी, आणि तिचा मोबदला सुमारे साडेसहा डॉलर, म्हणजे चार टक्क्यांहूनही कमी. पण तिथून निघालेला प्रत्येक फोन चीनच्या निर्यातीत १७९ डॉलरनेच लागत होता. तेव्हापासून चीनने स्थानिक भागांचा वाटा खूप वाढवला, हे खरंच आहे. पण ती वाढ निर्यातीच्या आकड्यातून दिसली नाही. ती पाहायला फोन उघडून भागांची यादी करावी लागली. भारतातून आज जाणाऱ्या फोनबद्दलही हाच प्रश्न आहे. २०२४-२५ मध्ये स्मार्टफोनची निर्यात २४ अब्ज डॉलरच्या आसपास गेली, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्यातलं देशी मूल्यवर्धन अजून वीस टक्क्यांच्या घरातलं मानलं जातं. आनंद मानायचा तो या टक्केवारीच्या चढण्याचा.

ढोबळ आणि निव्वळ यांतला फरक समजून घ्यायचा तर लक्झेंबर्ग, सिंगापूर, हाँगकाँग पाहा. यांची निर्यात त्यांच्या जीडीपीपेक्षाही मोठी आहे. देश जेवढं निर्माण करतो त्याहून जास्त विकतो कसा? उत्तर असं की जीडीपीत मूल्यवर्धन मोजतात आणि निर्यातीत पूर्ण बिल. एक माप दुधाचं, दुसरं पाणी घातलेल्या दुधाचं. दोघांची तुलना करून ‘निर्यात जीडीपीच्या इतके टक्के’ म्हणणं सोयीचं असलं, तरी त्याचा अर्थ ‘देशाच्या कमाईतला एवढा वाटा निर्यातीतून येतो’ असा कधीच होत नाही.

ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना आणि जागतिक व्यापार संघटना यांनी २०१३ पासून मूल्यवर्धनावर आधारित व्यापाराचे तक्ते प्रसिद्ध करायला सुरुवात केली, ते नेमकं यासाठी. पण तेही जपून वापरावे लागतात. कोणता उद्योग कुणाकडून किती माल घेतो याचे वेगवेगळ्या देशांचे तक्ते एकमेकांना जोडून ते काढतात, त्यामुळे काही वर्षं मागे असतात. शिवाय बहुतेक देशांसाठी त्यात असं धरलेलं असतं की एका उद्योगातले सगळे कारखाने सारख्याच प्रमाणात आयात माल वापरतात. प्रत्यक्षात निर्यातीसाठी माल काढणारा कारखाना देशी बाजारासाठी काढणाऱ्यापेक्षा जास्त आयात वापरतो. म्हणजे या तक्त्यांतही निर्यातीतलं देशी मूल्य थोडं फुगलेलंच दिसण्याचा संभव असतो.

‘व्हिएतनामने भारताला गाठलं’

व्हिएतनामची मालाची निर्यात २०२४ मध्ये ४०५ अब्ज डॉलरच्या आसपास होती, भारताची २०२४-२५ मध्ये ४३७ अब्ज. आता हेच दरडोई मांडू. व्हिएतनामची सुमारे ४,००० डॉलर, भारताची ३०० डॉलर, म्हणजे तेरा पट. दरडोई जीडीपी मात्र व्हिएतनामचा ४,७०० डॉलरच्या आसपास आणि भारताचा २,७०० च्या आसपास. पावणेदोन पट. निर्यात तेरा पट आणि उत्पन्न पावणेदोन पट! मधले अकरा पट कुठे गेले?

एक मोठा वाटा आयातीत गेला. व्हिएतनामच्या निर्यातीतला सत्तर टक्क्यांहून अधिक भाग परदेशी गुंतवणुकीच्या कंपन्यांचा आहे. बाक निन्ह आणि थाय न्गुयेन या प्रांतांतल्या फोनच्या कारखान्यांत चिप, पडदे, कॅमेरे बाहेरून येतात. दुसरा वाटा भारताच्या बाजूने सुटला, कारण दाव्यात फक्त माल मोजलाय. भारताची सेवांची निर्यात २०२४-२५ मध्ये ३८७ अब्ज डॉलर होती, मालाच्या जवळपास नव्वद टक्के. व्हिएतनामची सेवा-निर्यात त्या मानाने अगदी लहान. सॉफ्टवेअर कंटेनरमधून जात नाही, म्हणून ते मोजायचंच नाही हे कुठलं माप?

व्हिएतनामने प्रगती केली नाही असं इथे कुणी म्हणत नाही. १९८६ नंतरच्या सुधारणांत शेतकऱ्याच्या हाती जमीन आली, गरिबी वेगाने घटली, आणि २०१२ च्या पिसा या शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथल्या मुलांनी श्रीमंत देशांच्या सरासरीहून चांगले गुण मिळवले. पण यातलं काहीही बंदरात मोजलं जात नाही. शिकण्यासारखं जे आहे ते त्या शाळांत आहे, आणि निर्यातीचा तक्ता धरून बसणाऱ्याला ते दिसणारच नाही.

‘माल जिथून निघतो तिथला’

नेदरलँड्स जगातल्या सर्वांत मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे. रॉटरडॅम बंदरात उतरलेला माल डच कंपनी विकत घेते, फारशी प्रक्रिया न करता जर्मनीला पाठवते, आणि तो डच निर्यातीत लागतो. तिथलं सांख्यिकी कार्यालय म्हणूनच पुनर्निर्यात वेगळी काढून दाखवतं. त्यांच्या हिशेबात नेदरलँड्समध्ये बनलेल्या मालाच्या निर्यातीतून प्रत्येक युरोमागे पन्नासहून अधिक सेंट देशात राहतात, पुनर्निर्यातीतून जेमतेम दहा-बारा. भारताच्या तक्त्यातही याची सावली पडते. २०२२-२३ मध्ये अमेरिका आणि अमिरातींच्या खालोखाल नेदरलँड्स हा आपला तिसऱ्या क्रमांकाचा ग्राहक ठरला, मुख्यतः पेट्रोलियम पदार्थांमुळे. ते डिझेल रॉटरडॅममध्ये उतरलं आणि युरोपभर पांगलं. हाँगकाँगची तर जवळजवळ सगळीच निर्यात पुनर्निर्यात आहे.

आयर्लंडची गोष्ट याहून विचित्र. तिथे माल बंदरातून निघण्याचीही गरज उरलेली नाही. आयर्लंडमध्ये नोंदवलेली कंपनी आशियातल्या कारखान्याकडून माल बनवून घेते, तिथूनच ग्राहकाला पाठवते. मालकी आयरिश कंपनीची असल्यामुळे राष्ट्रीय हिशेबात ती आयर्लंडची निर्यात. २०१५ मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा तिकडे हलवली आणि आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. कुणाच्या पगारात २६ टक्के वाढ झाली नव्हती. शेवटी आयर्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१७ पासून ‘सुधारित राष्ट्रीय उत्पन्न’ असा वेगळा आकडा द्यायला सुरुवात केली, ज्यातून परदेशात वळणारा नफा, बौद्धिक संपदेची आणि भाड्याने दिलेल्या विमानांची घसारा-रक्कम असलं सगळं वगळतात. तो जीडीपीच्या दोन तृतीयांशाच्या आतच भरतो. दरडोई जीडीपीत आयर्लंड युरोपीय संघाच्या सरासरीच्या दुपटीवर आहे, पण माणसं प्रत्यक्षात जे खातात-पितात-वापरतात ते मोजलं की सरासरीच्या आसपासच. आपल्या आकड्याने आपलीच दिशाभूल होऊ नये म्हणून एखाद्या देशाने एवढी मेहनत घ्यावी, याचं मनापासून कौतुक वाटतं.

‘गुजरात दुप्पट, महाराष्ट्र मागे’

मराठी घरांत सर्वाधिक फिरणारा मुद्दा हाच, म्हणून इथे जरा थांबू.

२०२३-२४ मध्ये गुजरातच्या नावावर सुमारे १३४ अब्ज डॉलरची निर्यात होती, महाराष्ट्राच्या नावावर ६७ अब्ज. दुप्पट हे खरं. दरडोई काढलं तर गुजरात साडेतीन पट पुढे दिसतो. दरडोई उत्पन्नातही गुजरात किंचित पुढे आहे, तेही मान्य करू. पण किंचित म्हणजे काही टक्के. निर्यातीचं माप साडेतीन पट म्हणतं आणि माणसाचं उत्पन्न दहा टक्क्यांच्या आसपासचाही फरक मुश्किलीने दाखवतं. राज्याचं एकूण उत्पादन पाहिलं तर महाराष्ट्र ४० लाख कोटी रुपयांच्या घरात, गुजरात त्याच्या पाऊणपटीच्याही खाली. ही तफावत का पडते?

पहिलं कारण जामनगर. तिथे जगातलं सर्वांत मोठं तेलशुद्धीकरण संकुल आहे. भारत लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो. ते तेल टँकरने येतं, शुद्ध होतं, डिझेल, पेट्रोल आणि विमानाचं इंधन होऊन टँकरनेच जातं. बिलात कच्च्या तेलाची पूर्ण किंमत असते. शुद्धीकरण हे अत्यंत कुशल काम आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण त्यातून राज्यात राहतो तो शुद्धीकरणाचा फरक. पिंपाचा पूर्ण भाव राहत नाही.

दुसरं कारण नोंदीचं. राज्यवार निर्यात काढतात ती शिपिंग बिलातल्या ‘मूळ राज्य’ या रकान्यावरून. हा रकाना निर्यातदार किंवा त्याचा कस्टम्स एजंट भरतो. कारखानदार स्वतः निर्यात करत असेल तर नोंद बहुधा बरोबर येते. व्यापारी निर्यातदार असेल, त्याने तीन राज्यांतून माल गोळा करून एका गोदामात कंटेनर भरला असेल, तर रकान्यात कुठलं राज्य पडेल हे त्या दिवशी बिल कोण भरतंय यावर ठरतं. हिऱ्यांचं पाहा. जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ भारतात, बहुतांश सुरतेत, पैलू पाडले जातात. पण निर्यातीचा व्यवहार वर्षानुवर्षं मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून चालत आला. घासणारे हात सुरतेत, बिल मुंबईचं. इथे चूक महाराष्ट्राच्या फायद्याची आहे, हेही सांगायला हवं. कच्चा हिरा पुन्हा आयातच केलेला, त्यामुळे सांगितलेली रक्कम आणि कारागिराच्या हाती पडलेली रक्कम यांत मोठं अंतर.

आणखी एक घोळ नेहमी होतो. बंदरनिहाय आणि राज्यनिहाय आकडे एकमेकांत मिसळले जातात. मुंद्र्याहून गेलेला राजस्थानचा माल गुजरातचा ठरत नाही, न्हावाशेव्याहून गेलेला मध्य प्रदेशचा सोयापेंडीचा माल महाराष्ट्राचा ठरत नाही. तक्ता पुढे ढकलण्यापूर्वी त्याच्या शीर्षकात यातलं काय लिहिलंय ते वाचावं.

तिसरं कारण सेवा. पुण्या-मुंबईतून जाणाऱ्या सॉफ्टवेअर आणि वित्तसेवांना शिपिंग बिल नसतं. सॉफ्टवेअरची निर्यात सॉफ्टेक्स अर्जावर नोंदली जाते आणि वेगळ्या यंत्रणेकडे जाते. राज्यवार मालाच्या तक्त्यात तिचा एक रुपयाही येत नाही. हिंजवडी आणि खराडीत हजारो माणसं दिवसभर परदेशी ग्राहकांसाठी राबतात, आणि या दाव्यात त्या सगळ्यांची किंमत शून्य धरलेली आहे.

महाराष्ट्राने चिंता करावी असे विषय खूप आहेत. मराठवाड्यातलं पाणी आहे, विदर्भातल्या कापसावर तिथेच होणारी तुटपुंजी प्रक्रिया आहे. या चिंतांचं उत्तर जामनगरच्या टँकरशी तुलना करून मिळणार नाही.

‘हा आकडा वाकवता येत नाही’

वाकवायचीही गरज नाही, तो आपोआप वाकतो. २०२१-२२ मध्ये भारताची पेट्रोलियम पदार्थांची निर्यात ६७ अब्ज डॉलरच्या आसपास होती, पुढच्या वर्षी ९७ अब्ज. टनांत पाहिलं तर वाढ नव्हती. युक्रेन युद्धामुळे भाव चढले होते. ज्यांनी त्या वर्षी ‘निर्यात झेपावली’ म्हणून मथळे दिले, त्यांनी भावाला उत्पादन समजण्याची चूक केली. स्वित्झर्लंडमध्ये हा धोका ओळखून सोन्यासह आणि सोन्याशिवाय असे व्यापाराचे दोन वेगळे आकडे देतात, कारण तिथून शुद्ध होऊन जाणाऱ्या सोन्याने सगळंच चित्र हलतं.

सरकारी निर्णयाने तर आकडा रातोरात शून्य होतो. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, आणि ८ डिसेंबरपासून बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लागू होतं. शुल्क पूर्ण गेलं ते १ एप्रिल २०२५ ला. या काळात लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याचं कसब कमी झालं होतं का? जमीन तीच, चाळ तीच, माणूस तोच. निर्यातीच्या मापाने मात्र तो ‘अकार्यक्षम’ ठरला. बंदीने त्याचं जे नुकसान झालं ते झालंच. वर त्या पडलेल्या आकड्यावरून त्याची लायकी ठरवणं हा सरळ अन्याय आहे.

आणि मुद्दाम वाकवतातही. निर्यातीवरचे परतावे बिलाच्या रकमेशी बांधलेले असले की बिल फुगवण्याचा मोह होतो. मार्च २०१३ मध्ये चीनच्या दप्तरात हाँगकाँगला गेलेली निर्यात वर्षभरापूर्वीपेक्षा ९० टक्क्यांहून जास्त वाढलेली दिसली. हाँगकाँगच्या दप्तरात चीनमधून आलेल्या मालात तेवढी वाढ नव्हती. वजनाला हलका आणि किमतीला भारी माल कागदावर फिरवून पैसा देशात आणला जात होता. मे महिन्यात परकीय चलन नियंत्रकांनी चाप लावला आणि जूनमध्ये चीनची एकूण निर्यातच वर्षाच्या तुलनेत घटली. पडताळणीची पद्धत साधी आहे: पाठवणाऱ्याचा आकडा आणि घेणाऱ्याचा आकडा शेजारी ठेवायचा. आयात सीआयएफ किमतीवर नोंदली जाते, त्यात भाडं-विमा असतो, म्हणून ती निर्यातीहून थोडी जास्त असणं स्वाभाविक. उलट दिसलं, किंवा फरक फारच मोठा दिसला, की शंका घ्यायची.

‘हार्वर्डचा निर्देशांक तरी मानाल?’

रिकार्डो हाउसमन आणि सेझार हिदाल्गो यांनी २००९ मध्ये मांडलेला आर्थिक जटिलता निर्देशांक नुसती रक्कम पाहत नाही, कोणकोणत्या वस्तू देश विकू शकतो ते पाहतो. कल्पना सुंदर आहे आणि पुढच्या वाढीचा काहीसा अंदाजही तिच्यातून येतो. निर्यातीचे आकडे त्यांनी घेतले, कारण सगळ्या देशांचे, एकाच संकेतांकांत, वस्तूवार मिळणारे आकडे तेवढेच आहेत. पण दिवा जिथे आहे तिथेच हरवलेली वस्तू असेल असं नाही.

तो असा काढतात. ओळींत देश आणि रकान्यांत वस्तू असा एक तक्ता मांडायचा. आधी प्रत्येक देशाच्या निर्यातीत एका वस्तूचा वाटा किती ते पाहायचं, आणि त्याला जगाच्या निर्यातीतल्या त्या वस्तूच्या वाट्याने भागायचं. उत्तर एक किंवा जास्त आलं तर त्या घरात १, नाहीतर ०. मग देशाच्या ओळीत किती १ आले, वस्तूच्या रकान्यात किती आले, हे मोजायचं आणि दोन्ही एकमेकांवर पुन्हा पुन्हा तोलत जायचं. फार थोडे देश जी वस्तू करतात ती करणाऱ्याला जास्त गुण.

गडबड पहिल्याच पायरीवर होते. समजा एका देशाची निर्यात १०० आहे: ८० खनिजं, २ वैद्यकीय उपकरणं, १८ इतर. जगाच्या निर्यातीत वैद्यकीय उपकरणं २ टक्के. भागाकार १, घरात १. आता खनिजांचे भाव दुप्पट झाले. खनिजं १६०, एकूण १८०, वैद्यकीय उपकरणं तीच २. वाटा १.१ टक्के झाला. जगाच्या टोपलीत फार फरक पडला नाही असं धरलं तर भागाकार ०.५५, घरात ०. उपकरणं बनवणारा कारखाना जागेवर आहे, अभियंते जागेवर आहेत, ग्राहकही तेच. निर्देशांकातून मात्र ते पुसले गेले. ऑस्ट्रेलियाचं काहीसं असंच होतं. लोहखनिज, कोळसा आणि वायूच्या ढिगाखाली बाकी सगळं दबतं. मानव विकासात पहिल्या दहांत बसणारा हा देश जटिलतेत नव्वदीच्या पलीकडे फेकला गेला, आणि मेक्सिको, ज्याचं दरडोई उत्पन्न ऑस्ट्रेलियाच्या पाव हिश्शाच्या आसपास आहे, तो पहिल्या पंचवीसेकांत. मेक्सिकोत अमेरिकी बाजारासाठी गाड्या आणि टीव्ही जुळवतात, आणि जुळणीचे गुण पूर्ण वस्तूचे मिळतात.

दुसरी अडचण संकेतांकांची. जगभर सारखे असतात ते सहा अंकी कोड. त्यात ०८०४५० या एकाच कोडखाली पेरू, आंबा आणि मँगोस्टीन येतात. रत्नागिरीचा हापूस आणि कुठलाही पेरू या निर्देशांकाला एकच. स्मार्टफोनला स्वतंत्र कोड मिळाला तो २०२२ च्या आवृत्तीत. आणि जे देशातच वापरलं जातं, रेल्वे, उपग्रह, यूपीआयसारखी व्यवस्था, ते मूळ तक्त्यातच नाही.

‘कोरिया निर्यातीवरच मोठा झाला’

सगळ्यांत वजनदार मुद्दा हा आहे. १९६४ मध्ये कोरियाची निर्यात १० कोटी डॉलरवर पोचली तेव्हा तिथे उत्सव झाला, आणि १९७७ मध्ये ती १,००० कोटी डॉलर होती. राष्ट्राध्यक्ष पार्क दर महिन्याला निर्यातीच्या आढावा बैठकीत स्वतः बसत. स्वस्त कर्ज हवं तर निर्यात करून दाखवा, असा उद्योगांना दंडक होता.

पण तिथे निर्यात ही उद्योगांची परीक्षा होती. गुणपत्रिका चांगली यावी म्हणून आधी अभ्यास करावा लागतो, आणि तो अभ्यास असा: १९५० ची जमीन सुधारणा, घरोघरची शाळा, १९७३ मध्ये सुरू झालेला पोहांगचा पोलाद कारखाना, देशातच जुळलेले सुटे भागांचे पुरवठादार. केसांचे टोप आणि प्लायवूड विकणारा देश जहाजं विकू लागला तो यामुळे. निर्यातीचा आकडाच पुरेसा असता तर इक्वेटोरियल गिनी कोरियाच्या पुढे असायला हवा होता. नव्वदीच्या मध्यात तिथे समुद्रात तेल लागलं, निर्यात आभाळाला भिडली, दरडोई उत्पन्न आफ्रिकेत सर्वोच्च झालं. २००६ च्या पाहणीत तिथली तीन चतुर्थांश जनता गरिबीत होती.

मग आकडा समोर आला की काय करायचं

रक्कम आहे की टन, ते आधी पाहा. मालच आहे की सेवाही, ते पाहा. पुनर्निर्यात धरली आहे का? राज्याचा आकडा असेल तर वाणिज्य मंत्रालयाच्या तक्त्यातून २७१० हा शुद्ध पेट्रोलियमचा, ७१०२ हा हिऱ्यांचा आणि ७११३ हा दागिन्यांचा कोड वजा करून क्रमवारी पुन्हा लावा. त्याच मालासाठी काय आयात झालं ते शेजारी मांडा.

आणि कारखान्यांपुरतं तरी थेट उत्तर उपलब्ध आहे. उद्योगांच्या वार्षिक पाहणीत राज्यवार, उद्योगवार चार गोष्टी मिळतात: एकूण उत्पादनाचं मूल्य, त्यात खर्ची पडलेला माल, मूल्यवर्धन आणि दिलेली मजुरी. शंभर कोटींच्या डिझेलमागे मजुरी किती आणि शंभर कोटींच्या शर्टांमागे किती, हे त्यातल्या दोन रकान्यांचा भागाकार केला की पाच मिनिटांत कळतं.